फिलोमिनाबाईंची सवत

संगमनेरच्या ख्रिस्ती गल्लीत फिलोमिनाबाईंचं घर कुणालाही हेवा वाटावा असं आहे. डोक्यावर स्लॅब आहे, कपडे धुवायचं मशीन आहे, मोतीबिंदू काढलेल्या दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. हे सगळं हेलनमुळं. लेक आयर्लंडला नर्स आहे. परदेशाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी आधी बाईंच्या डोळ्यांना विचारावं. पण त्या डोळ्यांना बघायला घरात माणूस नाही, हेही तितकंच खरं. नवरा एलिया जाऊन बरीच वर्षं झाली. बाई एकटीपुरता भात टाकतात, तोही उरतो. दोन पातळांसाठी मशीन लावायची लाज वाटते, म्हणून हातानंच धुतात.

हेलन तिथं एका म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करायची. म्हातारीचं नाव नोरा. बाईंनी तिची लगेच नोराबाई केली. फोनवर जरा कुठं गप्पा रंगात आल्या की, "आई, ठेवते गं, नोराला भरवायचंय." सुट्टीचा विषय निघाला की नोराची तब्येत आडवी यायची. लेक आपली आणि तिच्यावर हक्क दुसरीचा! चिडून बाईंनी तिचं नावच सवत ठेवलं. "काय म्हनती माझी सवत? जेवली का?" हेलन हसायची. बाईही हसायच्या, पण फोन ठेवल्यावर ते हसू टिकत नसे.

नाताळ तोंडावर आला आणि नोराबाई वारल्या. ऐकून बाईंना आधी आनंदच झाला. हेलन मोकळी झाली, आता ती येणार! मग स्वतःचीच शरम वाटली. त्या भरात त्यांनी फादरना सांगून नोराबाईंच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना ठेवली.

मिस्सा झाल्यावर चर्चच्या दारात शेजारच्या रुपालीनं विचारलं, "मावशी, ह्या आयर्लंडच्या नोराबाई तुमच्या कोन लागत हुत्या?"

"माझी सवत," बाई सवयीनं बोलून गेल्या.

झालं! गल्लीला तेवढंच पुरलं. एलिया जन्मभर ट्रकवर होता, म्हणजे संशयाला जागा होतीच. ट्रक काही समुद्र ओलांडून जात नाही, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारी बाया सांत्वनाला आल्या. रुपालीनं डबा आणला. एकीनं पाठीवरून हात फिरवला, "लई सोसलं तुमी," म्हणाली. घरात कितीतरी दिवसांनी माणसांचा आवाज झाला होता. खरं सांगायला बाईंची जीभ रेटेना. सांगितलं तर बाया हसतील आणि उठून जातील. म्हणून त्यांनी पुन्हा चहा टाकला आणि मेलेल्या नवऱ्याची अब्रू वेशीला टांगून बायांत बसून राहिल्या.

संध्याकाळी बाया गेल्या आणि हेलनचा फोन आला.

"वरची खोली झाडून ठेवलीया," बाई म्हणाल्या. "कवा येतीस?"

"आई, मला दुसरं घर मिळालंय. उद्याच जायचंय. मार्गारेट नावाच्या बाई आहेत. एकट्या असल्या की घाबरतात."

"आन् नाताळ?"

"नाही गं जमत."

बाईंचा तोल सुटला. "त्या बाईला लेक न्हाई का? समद्या जगाच्या आयांना माझीच लेक पुरवायची व्हय?"

"आहे की. एकुलती एक. ती कॅनडाला असते, आई. रोज फोन करते बिचारी."

बाईंचा राग जागच्या जागी विरला. कुठल्या तरी अनोळखी घरात, फोन हातात धरून बसलेली एक बाई त्यांना दिसली. तिच्यावर चिडावं असं काही सापडेना, आणि रडू मात्र आवरेना.

"मग जा तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "येळेवर खायला घाल. पर हेलन, तिला आई म्हनू नकोस."