फ्रेमवाल्याकडची जपानी बाई

शेलूबाजारच्या फ्रेमवाल्याचा मला कधीच भरवसा वाटला नाही. बोलताना तो माणसाकडे नाही, हातातल्या चित्राकडे बघतो. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कॉलेजच्या सरांनी बक्षीस दिलेलं जपानी चित्र, नदीकाठी छत्री घेतलेली बाई, त्याच्याकडे नेलं. त्यानं आधी ते उलटं केलं.

"काहून?" मी विचारलं.

"लाकडी ठशानं छापलं असन, त रंग मांगं उमटते. असली हाय, पोरी."

तेव्हापासून धास्ती, हा नक्कल लावून असली विकेल. रोज जाऊन विचारायची, "माझंच हाय ना?" तो नुसता काच पुसत राहायचा.

आठवड्यानं फ्रेम मिळाली. मी लगेच ती उलटली. मागं पुठ्ठा नव्हता, दुसरी काच होती. तिच्यातून कागदाच्या पाठीवर उमटलेला नदीचा निळा रंग दिसत होता.

"आता घरीच तपासत जाय," तो म्हणाला, चित्राकडेच बघत.