पूर्णेच्या यार्डात राहून गेलेला पन्नासावा गोल

नातीनं मला ब्लॉग उघडून दिलाय. म्हणते, "आजोबा, तुमच्या जुन्या सहली लिहा." सहल कसली डोंबलाची! अख्ख्या जन्मात सहलीला म्हणून एकदाच गेलो, तेही परभणीहून पूर्णेला, फुटबॉलची मॅच बघायला. तरी लिहितो. पूर्णेला जायचं असेल त्याला रस्त्याची माहिती मिळेल.

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात घालायची बोलणी चालली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी बावीस वर्षांचा, परभणीत मास्तर. आमचं गाव पोखर्णीजवळ, घर मेंढरांचं. माझा धाकटा भाऊ खंडू मेंढरांमागं पळून पळून असा तयार झालेला की पूर्णा जंक्शनच्या फुटबॉल संघानं त्याला उचलला. नोकरी यार्डात, डबे जोडायची. खरं काम बॉल खेळायचं. लांबून आलेला उंच बॉल छातीवर घ्यायचा, हळूच पायाशी उतरवायचा आणि गोलात घालायचा, तेही अनवाणी. चार हंगामांत त्याचे एकोणपन्नास गोल झाले होते.

त्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. "आयतवारी शेवटची मॅच हाय. जिंकलो तर हैदराबादला फायनलच्या फेरीत जायाचं. साहेब म्हणलेत, फेरी गाठली तर टेंपररीवाल्यांना कायम करू, न्हाईतर हंगाम संपला की सोडून देऊ. पन्नासावा बी त्याच दिवशी हुईल. दादा, तू ये." आता एवढ्यावर कोण थांबणार? शाळेत सगळ्या मास्तरांना सांगून ठेवलं, पन्नासावा गोल स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतो. फुशारकी मारायची खोड मला पहिल्यापासूनच होती.

शनिवारी आधी गावी गेलो. पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ फोडून आईनं अंगाऱ्याची पुडी दिली. सोबत ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे. "त्येला म्हणावं, कायम झाला की मंग पोरगी बघू," ती म्हणाली. रविवारी पहाटे गावातली एक बैलगाडी परभणीच्या बाजाराला निघाली होती, तिच्यात बसलो. काळ्या मातीचा रस्ता, हाडं खिळखिळी होतात. आता डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, तुमचं बरं आहे. परभणीहून पूर्णेचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट काही आण्यांचं. पिंगळी, मिरखेल, मग पूर्णा. डाव्या बाजूला बसलो, ऊन तोंडावर येऊ नये म्हणून. दोन्ही अंगाला कापूस वेचायला आलेला. त्या तासाभरात मी जितका खूश होतो तितका पुन्हा कधी झालो नाही.

स्टेशनाबाहेर हॉटेलात चहा आणि गरम भजी खाल्ली. हॉटेलवाल्यानं माझं तोंड बघून विचारलं, "खंडूचा भाऊ का तुमी? नाक तेच हाय." पैसे घेईना. म्हणाला, "आज त्याचा गोल हुऊ द्या, मंग घिऊ."

मैदान यार्डाला अगदी लागून होतं, मधे नुसतं तारेचं कुंपण. खंडूनं मला तिथला जमादार, म्हणजे डबे जोडणाऱ्यांचा मुकादम, दाखवला, रहीमचाचा. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. दोन डब्यांच्या मधे गेलेली. नव्या पोरांना तोच शिकवायचा. शिट्टी ऐकू आली की जिथं असशील तिथं थांब, उजवा हात वर कर, विचार नंतर कर. "चार साल में इतना सिखाया, अब सोते में भी हात उठाता है ये," असं म्हणून चाचा हसला.

आणि म्हणूनच तिथं एक रिवाज होता. संघातली निम्मी पोरं यार्डातली, म्हणून मॅच चालू असेतोवर चाचा शंटिंग, डब्यांची हलवाहलव, बंद ठेवायचा. तेवढा वेळ तो एकही शिट्टी वाजवायचा नाही. त्या दिवशी तीनला मॅच, पाचपर्यंत यार्ड बंद, असं ठरलं होतं.

पण समोरचा संघ यायचा होता जालन्याकडून आणि त्यांची गाडी लेट. तीन वाजले, साडेतीन वाजले. रेफ्रीनं घड्याळ बघितलं आणि आमच्या कॅप्टनला सांगितलं, "नियमानं अर्धा तास झाला. तुम्ही मागितला तर सामना तुमचा." कॅप्टन खंडूकडं बघायला लागला. पन्नासावा त्याचा, नोकरी त्याचीही.

खंडू पळत माझ्याकडं दोरीजवळ आला.

"दादा, काय करावं? हो म्हणलं तर न खेळता हैदराबाद. पोरं म्हणायलेत, घिऊन टाकू."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "अन् पन्नासावा? लोक काय म्हणतील, भित्रा, न खेळता गेला. मी काय परभणीहून भजी खायला आलो का रे?"

तो हसला. "बरं बाबा. तुला गोल दाखवतोच."

तिकडं जाऊन त्यानं 'नको' म्हणून मान हलवली. गाडी आली, पाहुणे धापा टाकत मैदानात आले, चारला मॅच सुरू झाली, तेव्हा ती सत्तर मिनिटांचीच असायची. मला त्या वेळी पाच वाजता यार्ड उघडतं हे आठवलंच नाही. कुणालाच आठवलं नाही. बॉलकडं सगळ्यांचे डोळे.

पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक घातला. मग आमच्या एका पोरानं बरोबरी केली. बोंबलून बोंबलून माणसांचे घसे बसलेले. बरोबरी उपयोगाची नव्हती, जिंकायलाच पाहिजे होतं. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असतील. मागून आमच्या फुलबॅकनं उंच बॉल टाकला. खंडूनं तो छातीवर घेतला. काय घेतला म्हणता! बॉल अलगद पायाशी आला. पुढं फक्त गोलकीपर, तोही चुकीच्या बाजूला झुकलेला. हातातोंडाशी आलेला घास. मी ओरडायला तोंड उघडलं.

आणि कुंपणापलीकडून शिट्टी वाजली.

खंडू थांबला. बॉलवर पाय ठेवून, उजवा हात वर करून उभा राहिला. आमची यार्डातली आणखी तीन पोरं तशीच, जिथल्या तिथं, हात वर. त्यांच्या बॅकनं येऊन खंडूच्या पायाखालून बॉल काढला आणि लांब मारला. खंडूनं हात खाली केला तेव्हा बॉल अर्ध्या मैदानापलीकडं होता.

"मी वाजवली नाही," रेफ्री म्हणाला. खोटं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं खरी शिट्टी वाजवली आणि हंगाम संपला.

चाचा कुंपणाशी येऊन तारेला धरून उभा होता. पाच वाजून गेले होते, पॅसेंजर सिग्नलबाहेर खोळंबली होती, लाईन मोकळी करणं भाग होतं. तो म्हातारा लहान लेकरासारखा रडत होता. "दस मिनट रोका था, बेटा. दस मिनट और रोकना था." खंडूच त्याची समजूत घालत होता. "चाचा, तुमी शिकवलं तेच केलं म्या."

मी अंगाऱ्याची पुडी खिशात चाचपत उभा. शरमेनं मान वर करवेना. कसली शरम अन् कसलं काय! तिथल्या तिथं सगळं कळलं होतं, फक्त कबूल करायची हिंमत नव्हती.

रात्री राहिलोच नाही, मिळेल त्या गाडीनं परत फिरलो. सोडायला आला तेव्हा खंडू म्हणाला, "आईला सांग, बरा हाय म्हणून." हॉटेलवाल्याला भज्यांचे पैसे द्यायला गेलो, तर त्यानं हात जोडले, घेतले नाहीत.

गावी आईनं उंबऱ्यातच विचारलं, "कायम हुईल न्हवं?" मी म्हणालो, "गाडी लेट झाली, आई." एवढंच. महिनाभरात टेंपररी पोरं सोडली. पुढच्या वर्षी राज्यच मोडलं, ती स्पर्धाही गेली. खंडूनं दोन वर्षं मेंढरं राखली, मग येलदरीला धरणाच्या कामावर दगड फोडायला गेला. लग्न उशिरा झालं, तेही कसंबसं. फुटबॉलला पुन्हा पाय लावला नाही.

पूर्णेला गेलात तर ते मैदान शोधू नका. मी नंतर एकदा गेलो होतो, मलाच सापडलं नाही. चहा मात्र चांगला मिळतो.

इतकी वर्षं मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली ती चाचाच्या शिट्टीची म्हणून. ऐकणारे हळहळायचे, मीही हळहळायचो. साडेतीन वाजता दोरीपाशी मी काय बोललो ते आज पहिल्यांदा लिहितोय. खंडूनं ते कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोला नाही, आईला तर नाहीच. म्हातारपणी कुणी त्याच्या खेळाचा विषय काढला की तो एकच सांगायचा आणि तोंडभर हसायचा: "आमचा दादा आला व्हता की मॅच बघायला."

मी गेलो नसतो तर तो हो म्हणाला असता.