दादाजीभाऊंचं तेलाचं बोट

सिंदेवाहीच्या एका कॉलेजात दादाजीभाऊ अठ्ठावीस वर्षं फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या काचा पुसत आले. काचेवर काही म्हणजे काही राहता कामा नये, हे त्यांचं एकमेव शास्त्र. आणि याच कॉलेजात शिकून आता इथंच संशोधन करणाऱ्या संघप्रिया मॅडम नेमकं काचेवर काहीतरी राहावं म्हणून वर्षभर धडपडत होत्या. गोंधळ व्हायचाच होता.

मॅडम दोन काचांच्या मध्ये पाकासारखं दाट रसायन भरत आणि लेसरचा एक किरण दोन करून त्याच्यावर पुन्हा एकत्र पाडत. तेवढा वेळ पंखा बंद, जिन्यावर दादाजीभाऊंचा पहारा. कोणी पाय आपटला तरी काच वाया. अशा कितीतरी गेल्या. एक मात्र साधली. रसायन घट्ट झाल्यावर वरची काच काढली; खालची, थरासकट, तिरपी धरली की हिरवीगार चमकायची. प्रकाशातला एवढा एकच रंग ही परत पाठवते, बाकीचे जाऊ देते, असं मॅडमनी सांगितलं. भाऊंनी मान डोलावली. कळलं ओ की ठो नव्हतं.

दसरा झाला की ती काच नागपूरला तज्ज्ञांना दाखवायची होती. त्यांना पटली तरच मॅडमचं काम पुढं चालणार होतं.

खंडेनवमीला भाऊ घरची मासोळीची जाळी पूजत, तशी प्रयोगशाळेतली यंत्रंही पूजत. मॅडमच्या घरी हे नव्हतं, पण त्यांनी भाऊंना कधी अडवलं नाही. या वर्षी भाऊंनी हिरव्या काचेलाही मान दिला. हळदीचा डाग पडेल, एवढी अक्कल त्यांना होती. म्हणून जवसाच्या तेलाचं नुसतं एक बोट लावलं.

बोट लागलं तिथला रंग गेला. घाबरून फडक्यानं पुसलं, तर आणखी गेला. काच फोडून 'हातून सुटली' म्हटलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण त्यांचे पाय मॅडमच्या टेबलाकडे वळले.

"मॅडम, माह्याकडून रंग निघाला."

"काय लावलं?"

"तेल. पूजेचं."

मॅडमनी काच उचलून सरळ स्पिरिटात बुडवली, आणि होता नव्हता तेवढा सगळा रंग गेला. मग स्पिरिट उडालं आणि कडेकडेनं हिरवं परत आलं. पुन्हा बुडवली, पुन्हा गेलं. चौथ्या वेळी बोटाची जागाही हिरवी झाली.

"पण रंग गेला कुठी होता?"

"रंग नाईच त्याच्यात, भाऊ. बारीक छिद्रांच्या रांगा हायेत. छिद्रात तेल भरलं का उजेडाले रांगा सापडत नाई."

"म्हंजे छिद्रं हिरवी?"

"नाई."

"मंग काच हिरवी?"

"तेही नाई."

"मंग हिरवं हाये तरी काय?"

मॅडमनी जरा विचार केला. "एक रांग दुसरीपासून किती दूर हाये, ते."

अंतर हिरवं कसं असेल? भाऊंनी पुढं विचारलं नाही, कारण रोज त्यांच्याकडे असणारी, काचा ठेवायच्या कपाटाची किल्ली मॅडमनी त्या दिवशी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मॅडम रागावल्या की विसरल्या, भाऊंना काही उमगेना. दसऱ्याच्या दिवशीही त्यांच्या डोक्यात ती किल्लीच होती.

नागपूरला जायच्या सकाळी ते बसस्टँडवर नुसते पोचवायला गेले. मॅडमनी काचेचा डबा त्यांच्या हातात दिला.

"चढा. नागपूरपर्यंत तुमी धरा."

"मी? मीच त बिघडवली होती."

"अन् तुमीच येऊन सांगितलं. फुटली म्हटलं असतं, त मी रडत बसली असती. धरा."

भाऊंना हिरवं काय ते अजूनही कळलं नव्हतं. डोळे मात्र भरून आले. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, त्यामुळे ते पुसता आले नाहीत.