टेकाडावरची वाट

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी सगळं बंदर त्याला भिंगरी म्हणायचं. घरात तो उभ्यानं जेवायचा, दाढी फेऱ्या मारत करायचा, आणि लेकीकडे गेला तर दाराच्या चौकटीला टेकून गप्पा मारायचा. लेक आतली खुर्ची ओढत म्हणायची, "बाबा, दोन मिनिटं बसा ना." "बसतो की," असं म्हणेपर्यंत हा अर्धा जिना उतरलेला असायचा.

अशा माणसाला दैवानं खुर्ची दिली. गुडघे गेले, मासेमारीची बोट विकावी लागली, आणि समुद्रावर नजर ठेवणाऱ्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर नोकरी मिळाली. समोर पडदा. पडद्यावर बोटींचे ठिपके, आणि किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात, लाल रेघेनं वेढलेला वांग्याच्या आकाराचा एक डाग. ते टेकाड. म्हणजे पाण्याखालचा डोंगर, माथा तेवढा उजेड पोचेल इतका वर आलेला. चहूकडे खोल काळोख आणि मधेच ही भरली वस्ती: पोवळ्यांची झाडं, स्पंज, त्यांच्या आडोशाला अंडी घालायला येणारे मासे. तिथलं झाड वीतभर वाढायचं तर माणसाचा जन्म जातो. तळ खरवडणारं जाळं त्याला एका फेरीत आडवं करतं. म्हणून लाल रेघेच्या आत जाळं टाकायला बंदी होती. बोटीनं वरून खुशाल जावं, पण रेंगाळू नये.

हे भिंगरीला कुणी शिकवायला नको होतं. जाळ्यात अडकून आलेली ती झाडं त्यानं स्वतः हातोडीनं फोडून पाण्यात लोटली होती. तेव्हा तोंडात शिव्या होत्या, कारण जाळं फाटायचं. वाईट वाटायला लागलं ते फार उशिरा. पण एकदा लागलं ते थांबेना, आणि मग पडद्यावरचा तो डाग घरचं परसू असल्यासारखा तो दिवसभर राखायचा. पाणी प्यायला उठला तरी मान मागे वळलेलीच असायची.

त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम डबा उघडत होत्या. घास हातात धरूनच त्या म्हणाल्या, "काका, रेघेतला तो ठिपका मंदावलाय बघा."

"बघतोय," भिंगरी म्हणाला. तो उभाच होता.

मंदावण्याला कारणं दोनच असतात. इंजिन बिघडलं तर बोट पाण्याबरोबर वाहवत जाते, वाकडीतिकडी, दारुड्यासारखी. जाळं टाकलं असेल तर ती संथ पण सरळ जाते. ही सरळ चालली होती. मग ती एका जागी डावीकडे वळली, थोड्या अंतरावर पुन्हा उजवीकडे वळली, आणि भिंगरीनं ती वळणं ओळखली.

टेकाडाच्या उतारावर खडकांमधून एक अरुंद पट्टी जाते. तिथे जाळं खडकात अडकत नाही, झाडं तेवढी खरवडतं. ती वाट त्यानं जाळी फाडून घेऊन शोधली होती, आणि आयुष्यात एकाच माणसाला दाखवली होती. त्याच्याच बोटीवरचा खलाशी, हुशार पोरगा. पुढे तोच जावई झाला, 'अरे'चा 'अहो' झाला. लेकीच्या अंगावर घालायला सोनं नव्हतं, तेव्हा भिंगरीनं जावयाला ही वाट आंदण दिली होती. वर पाहुण्यांत छाती पुढे काढून सांगितलंही होतं, की माझ्या लेकीच्या घरी कधी मासा कमी पडणार नाही.

तो खिडकीपाशी गेला. परत आला. ठिपका तिथेच होता.

"काका, विचारताय ना वायरलेसवर?"

"विचारतो हो. पळून जातोय का मी?"

इशाऱ्याचं बटण दाबायच्या आधी विचारायचं, हा कचेरीचा नियम होता. इंजिनाचं दुखणं असलं तर तशी नोंद व्हायची आणि मदत जायची. नसलं तर बटण दाबलं की गस्तीची बोट सुटायची, आणि सापडलेल्याचा परवाना जायचा.

"रेघेतली बोट, बोला. काही अडचण आहे का?"

खरखर झाली, आणि मग जावयाचा हसरा आवाज आला. "मामा? तुम्हीच ना? बरं झालं. इंजिन जरा तापलंय हो. गार झालं की निघतो."

त्याच्या आवाजामागे तेच तापलेलं इंजिन जोर लावून ओढत असलेलं ऐकू येत होतं.

"इंजिन बंद केलंय?"

"तापलंय म्हटलं ना मामा. तसं टाका लिहून."

"अरे, जाळं उचल आणि नीघ तिथून!" भिंगरी ओरडला. 'अहो' कुठल्या कुठे गेलं. "मूर्खा, उचल आधी!"

ठिपका सरळ पुढे सरकत राहिला.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मामा म्हणणारा कोण, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या खाली बघत हळूच म्हणाल्या, "ते इंजिन म्हणतायत. आपण इंजिनच लिहू या का, काका?"

भल्या बाई होत्या. भिंगरीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी. लेकीचा संसार त्या एका परवान्यावर उभा होता. आपल्याच हातानं तिच्या चुलीवर पाणी ओतायचं? आणि तिकडे ठिपका सरकेल तितकं टेकाड आडवं होत होतं. टेकाडाला ना वायरलेस, ना सासरा. त्याच्यावरची वाट दाखवून देणारा तेवढा इथे गरगरत होता. भिंगरीला स्वतःचीच चीड आली.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.

संध्याकाळी तो तडक लेकीकडे गेला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून कठड्याला धरून जिना चढला. पण दार उघडणाऱ्या लेकीच्या हातात फोन होता आणि डोळे रडून सुजले होते.

"परवाना घेतला त्यांचा," ती म्हणाली.

"मीच दाबलं बटण."

"माहीत आहे. आज दुपारी तुमची पाळी आहे, हे मीच सांगितलं होतं त्यांना. दुसरं कुणी असतं तर ते गेलेच नसते."

"तू?"

"मला वाटलं, बाबा बसलेत तिथे. बाबा आपले आहेत."

आतली खुर्ची नेहमीच्या जागी होती, आणि जन्मात पहिल्यांदा भिंगरीला खरंच बसायचं होतं. तो चौकटीला टेकून उभा राहिला. बराच वेळ राहिला. बसा म्हणून काही ती म्हणाली नाही.