गोटीरामचा चाकू आणि फुलाबाईचा चांद्या

आमच्या गोटीरामच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या. एक तंबाखूची पुडी आणि दुसरा मिटता चाकू. तंबाखू त्याच्या बायकोनं, कुसाबाईनं, गळ्याची शपथ घालून सोडवली. चाकू सोडवणं मात्र तिला जन्मात जमलं नाही. सदरा धुवायला टाकताना ती आधी खिसा चाचपायची आणि म्हणायची, "ही सवत हाय माझी."

आता चाकू म्हणाल तर काही नवलाचा नव्हता. वणीच्या यात्रेत घेतलेला, पितळी मुठीचा, पातं बोटापेक्षा जरा लांब. पण धारेला तोड नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत गोटीराम पायरीच्या दगडावर पातं घासत बसायचा, मग अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा आणि मगच चहाला हात लावायचा.

मखमलाबादच्या पुढं, कालव्याला लागून आमची वस्ती. सगळी माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, आणि फुलांची शेती. नाशिकचा बाजार भल्या सकाळी भरतो, त्यामुळे आमच्याकडं कापाकापी कायम घाईची. मेथीच्या जुड्या बांधायला केळीचं सोपट चिरायचं, गुलाबाच्या दांड्यांचे काटे उतरवायचे, खताच्या गोणीची शिवण उसवायची, पाण्याची नळी तोडायची. विळे-कोयते घरोघरी होते, पण हाक गोटीरामला. "कोयत्यानं दोरा तोडणारा माणूस उद्या कुऱ्हाडीनं नखं काढील," असं तो म्हणायचा.

माझ्या मुलीच्या, सुवर्णाच्या, लग्नात तर गंमतच झाली. ऐन माळा घालायच्या वेळी तिची मुंडावळी नथीत गुंतली. ओढावं तर नाक ओढलं जातंय, सोडवावं तर बोटं शिरत नाहीत. सगळा मांडव "कात्री कुठंय, कात्री कुठंय" करत हिंडतोय आणि भटजी घड्याळाकडं बघून घसा खाकरताहेत. एवढ्यात गोटीराम चाकू उघडत पुढं आला. नवरदेव दोन पावलं मागं सरकला. गोटीराम म्हणाला, "जावईबापू, भिऊ नका. तुमचं नाक कापायला अजून लय दिवस हायेत." मांडव हसला, हसता हसता दोरा तुटला, नथीला धक्कासुद्धा लागला नाही.

असा हा माणूस. पण त्याचा हात थरथरताना मी एकदाच बघितला, आणि तेच आज सांगायचं आहे.

साल सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव असेल. त्या श्रावणात पावसानं ओढ दिली होती, म्हणून कालव्याला पाणी सोडलेलं. पोळ्याचा दिवस. सकाळीच सगळे बैल कालव्यावर धुवायला आणलेले. कालव्याला तिथं जनावरं उतरायला उतरण आहे. तिच्या खाली दहा-बारा पावलांवर रस्त्याचा पूल, आणि पुलाची कमान इतकी बुटकी, की पाणी चढलं की कमानीत नुसता हातभर उजेड दिसतो. त्या दिवशी पाणी चढलेलं होतं.

फुलाबाई आमच्या शेजारची. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मुलगा ललित अंबडला कंपनीत कामाला. घरात बैल एकच, चांद्या. गोटीरामकडंही एकच. दोघांची सावड होती, म्हणजे दोन घरांचे दोन बैल मिळून एक जोडी, आज तिच्या वावरात नांगर, उद्या त्याच्या. चांद्या गेला तर फुलाबाईची शेती गेली, इतकं साधं होतं ते. ललित म्हणायचा, "आई, वावर वाट्यानं दे अन् ये माझ्याकडं खोलीवर." ती म्हणायची, "चांद्या हाय तवर मी हितंच हाय."

आमच्यात रीत अशी, की पोळ्याला बैलाचं दावं नवं पाहिजे. त्या वर्षी ललितनं कंपनीतल्या खोक्यांना बांधून आलेली निळी नायलॉनची दोरी आणली होती. दिसायला देखणी, चकचकीत. पण अंबाडीची दोरी ओली झाली की हाताला धरते, आणि नायलॉन ओलं झालं की साबणासारखं सटकतं. फुलाबाईला ते कळलं, म्हणून तिनं काय करावं? दोरीच्या टोकाला सरकगाठ मारली आणि तो फास सरळ आपल्या उजव्या मनगटात घातला. कासरा हाताला गुंडाळू नये हे आमच्याकडं पोरांना चालायच्या आधी शिकवतात. पण आपला बैल आपल्याला ओढून नेईल असं कुठल्या मालकिणीला वाटतं?

चांद्या पोटापर्यंत पाण्यात उभा होता. फुलाबाई काठावरून त्याच्या पाठीवर पाणी मारत होती. आणि पुलावर गोरक्ष आला. वस्तीतलाच तरणाताठा पोरगा, मिरवणुकीसाठी नवा ढोल आणलेला. बरं, बघायचाच होता वाजवून तर घरी बघायचा! त्यानं पुलावर उभं राहून टिपरू हाणलं. खाली कमानीत तो आवाज असा घुमला, की चांद्या एकदम उसळला आणि खोल पाण्यात पडला.

दोरी ताणली. फुलाबाई तोंडावर आपटली आणि दगडी उतारावरून घसरत निघाली. मी जवळ होतो, मी तिचे पाय धरले. माझ्या मागं दोघांनी मला धरलं. आणखी दोघं दोरीला झोंबले, पण दोरी त्यांच्या मुठीतून सळसळ सरकायची आणि सगळा भार पुन्हा त्या एका मनगटावर. फास आवळत चालला. तिकडं दोरी चांद्याच्या वेसणीत. तो धारेत पुलाकडं चाललेला, आम्ही इकडून ओढतोय, त्याची मान मागं वळलेली, नाकपुड्या पाण्याखाली जाताहेत आणि वर येताहेत. आम्ही ओढावं तर तो बुडतोय, सोडावं तर बाई जाते.

"गोटीराम!" मी ओरडलो.

तो वरच्या अंगाला आपला बैल घासत होता. धावत आला. खिशातून चाकू काढला, पण हाताला साबण. नख पात्याच्या खाचेतून पुन्हा पुन्हा सटकायला लागलं. शेवटी त्यानं पातं दातात धरून उघडलं. ओठ चिरला, हनुवटीवर रक्त आलं. त्याला त्याचा पत्ता नव्हता.

फुलाबाईनं चाकू बघितला आणि पाय धरलेले असताना अशी काही हिसडली, की मीच सुटलो असतो.

"भाऊजी, कापायचं नाय!"

"वहिनी, हात तुटंल."

"तुटू द्या! पोळ्याच्या दिवशी माझ्या बैलाच्या दाव्याला लोखंड लावता?"

हे मात्र खरं होतं. शिंगं साळायची, जुनी वेसण कापायची, ती आदल्या दिवशी, खांदमळणीला. पोळ्याला बैलाच्या अंगाला किंवा दाव्याला पातं लावायचं नाही. लावलं तर बैल वर्ष काढत नाही, असं आमच्याकडं मानतात. काठावरून कुसाबाईसुद्धा ओरडली, "अहो, आज नका! दुसरं काही करा!"

"दुसरं काय करू? तू सांग!" गोटीराम ओरडला. तोपर्यंत तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला होता आणि बोटं जांभळी पडली होती. चांद्या कमानीच्या तोंडाशी पोचला होता. त्याच्या शिंगांनी कमानीचा दगड खरवडल्याचा आवाज आला.

"माझा बैल गेला तर तुमच्या दारात जीव दीन!" फुलाबाई म्हणाली.

"द्या. पण आज नाय," गोटीराम म्हणाला आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं दोरीला चाकू लावला.

ताणलेली दोरी कापताना आवाज येतो. पहिला पदर तुटला, तट्. दुसरा तुटला. तिसऱ्याला चाकू नुसता टेकला होता, तोच तो आपोआप फाटला, आणि निळं टोक आमच्या डोक्यावरून फटकन गेलं. आम्ही सगळे उताणे पडलो. चांद्या कमानीखाली नाहीसा झाला.

नुसतं पाणी वाजत होतं. फुलाबाई उठून बसली आणि त्या कमानीकडं बघत हळूच म्हणाली, "गेला."

ते एवढं हळू म्हणाली, की त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गोटीराम मात्र पळत सुटला होता. पुलावर चढला, पलीकडच्या कठड्यावर वाकला. आम्हीही मागोमाग. गोरक्ष ढोल टाकून आधीच तिथं उभा, तोंड पांढरंफटक. पलीकडच्या पाण्यात काही नाही. पानं वाहताहेत, एक चप्पल वाहतेय, बास. गोटीरामच्या हातात चाकू तसाच उघडा. कुणीतरी मागून पुटपुटलं, "सांगितलं होतं तिनं." त्यानं ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

मग निळ्या दोरीचं टोक वर आलं. त्याच्यामागं एक शिंग. आणि मग पाण्यातून अशी जोरात फुर्रर्र झाली, की गोरक्ष ओरडलाच, "हाय! जिता हाय!"

अहो, बैल पोहतो! त्याला कुणी शिकवावं लागत नाही. नाक आम्हीच खाली ओढून धरलं होतं. दोरी तुटली, मान मोकळी झाली, आणि त्यानं तोंड वर काढलं. पुलाच्या खाली बायकांची धुणं धुवायची जागा आहे, तिथं उतार सोपा. चांद्या तिकडं वळला. दोनदा शेवाळावरून घसरून परत पाण्यात गेला. मग गोरक्षनं अंगावरच्या नव्या कपड्यांनिशी उडी मारली आणि मागून रेटा दिला. चांद्या वर आला आणि चारही पाय फाकून थरथरत उभा राहिला. वेसणीपाशी रक्त होतं, पण उभा होता.

फुलाबाई धापा टाकत आली आणि डाव्या हातानं त्याच्या मानेला मिठी मारली. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. गोरक्ष मान खाली घालून म्हणाला, "चुलती, चुकलं माझं." ती म्हणाली, "तुझा ढोल आधी कालव्यात टाक, मग चुकलं म्हण."

आम्ही हसलो. आणि तेवढ्यात कुसाबाईचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं.

दोरी तुटली होती, पण फास मनगटात तसाच होता. गाठ ओली होऊन दगडासारखी बसलेली, आणि वर मांस सुजून दोरी आत रुतलेली. निळा रंग जेमतेम दिसत होता. बोटं काळीनिळी, थंडगार. मी करंगळीला चिमटा काढला, तिला कळलासुद्धा नाही.

"टेम्पो काढा, सिव्हिलला नेऊ," कुणीतरी म्हणालं. पण टेम्पो बाजारात गेलेला. दुसरी गाडी गावातून यायची, मग नाशिक, मग तिथली रांग. तोवर त्या हाताचं काय?

सगळे गोटीरामकडं बघायला लागले.

त्यानं पातं सदऱ्याला पुसलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आता ही काही गोणीची शिवण नव्हती. पातं खालून घालायला जागाच नाही, म्हणजे वरून एकेक तंतू तोडत आत जायचं, आणि शेवटचा तंतू कातडीला चिकटलेला. त्याच्याखाली नाडी. केसभर जास्त दाबलं तर सिव्हिलला न्यायचीही गरज राहणार नाही.

फुलाबाईनं आपणहून हात पुढं केला. मांडीवर ठेवला आणि चांद्याकडं बघत बसली.

"वहिनी, हलायचं नाय."

"मी कुठं हलते? तुम्हीच थरथरताय, भाऊजी."

खरंच, चाकूचं टोक हलत होतं. मुंडावळी तोडताना ज्याचा हात हलला नाही, तो माणूस घामानं निथळत होता. त्यानं चाकू खाली घेतला, डोळे मिटून श्वास घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा टोक हललं. मग फुलाबाईनं डाव्या हातानं त्याचं मनगट खालून धरलं, घट्ट. चांगली नांगर धरणारी मूठ ती. टोक थांबलं.

एक तंतू. दुसरा. कुसाबाई देवाचं नाव घेत होती, तिला मी खुणेनं गप केलं. पदर उलगडून दोन्हीकडं पडायला लागले. चांद्यानं मधेच अंग झाडलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं, पण त्या दोघांपैकी कुणी पापणी हलवली नाही. शेवटच्या तंतूला गोटीरामनं पातं आडवं केलं, पाठ कातडीकडं, धार वर, आणि टोक आत सरकवून नुसतं उचललं. टिचकीएवढा आवाज झाला. फास गळून पडला. मनगटाभोवती खोल खाच, आणि टाचणीच्या डोक्याएवढं रक्त.

थोडा वेळ काही नाही. मग बोटांत रक्त उतरायला लागलं आणि इतका वेळ हूं न केलेली ती बाई "आई गं, मेले गं!" करून किंचाळली. तिची किंचाळी ऐकून आम्हाला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

"अंगठा हलवा," गोटीराम म्हणाला. हलला. त्याच्या शेजारचं बोट हललं. मधलं हललं. चौथं जरा उशिरानं. करंगळी काही हलेना. तो बघतोय, ती बघतेय, आम्ही सगळे वाकून त्या करंगळीकडं बघतोय.

"राहू द्या भाऊजी," फुलाबाई शेवटी म्हणाली. "चार पुष्कळ झाली. नांगराला काय करंगळी लागते?"

आणि उठून तिनं डाव्या हातात चांद्याच्या वेसणीचा उरलेला दोर धरला, आणि त्याला घेऊन घराकडं निघाली.