खंडेनवमीचा पेढा

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पुण्यातल्या एका रुग्णालयात एका तरुणाची दुर्बिणीची तपासणी ऐनवेळी रद्द झाली. मी बाहेर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

तो आयटी कंपनीत होता. ॲलर्जीने त्याची अन्ननलिका सुजायची, घास अडकायचा. कशामुळे, ते शोधायला डॉक्टरांनी गहू आणि दूध बंद केलं होतं. त्या पथ्याने सूज उतरली का, ते आज बघायचं होतं. तो सारखा दोन बोटांनी गळा चोळत होता.

"दीड महिना पोळीला हात लावला नाही यांनी," त्याची बायको मला कौतुकाने सांगत होती. "खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा झाली, तर पेढा माझ्यासाठी घरी आणला. एवढं पाळतात, म्हणून मीही कोराच चहा पिते."

"दोन होते," तो फरशीकडे बघत म्हणाला. "एक मी खाल्ला. काही झालं नाही, म्हणून तेव्हापासून ऑफिसात रोज दुधाचा चहा घेतो."

ती त्याच्याकडे वळली.

"अहो, मग मला तरी सांगायचं. मी कशाला कोरा ढोसत बसले?"

तेवढ्यात नर्सने त्याला हाक मारली. तो दारापर्यंत एकटाच गेला आणि चहाचं त्याने स्वतःच तिला सांगितलं. डॉक्टरांनी तपासणी रद्द करून पथ्य पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं. पुढची तारीख बायकोने विचारून घेतली.