आत्याच्या नावाची भांडी

आज सकाळी आत्याची भांडी मोडीत देऊन आले. तेव्हापासून काही सुचत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आत्याचं लग्न झालं नाही. नर्स होती, सावेडीत आमच्याच घरी राहायची. दर दिवाळीला स्टीलचं एखादं भांडं घ्यायची आणि दुकानातच त्यावर नाव कोरून आणायची. मी हसायचे. "अगं, खाणारी तू एकटी. एवढी भांडी कशाला?"

"असू दे गं. लागत्यात," एवढंच म्हणायची.

गेल्या महिन्यात ती गेली. खोली रिकामी करायची म्हणून मी पोतं भरून मोडीच्या दुकानात नेलं. भांडी काट्यावर चढताना पहिल्यांदा नीट वाचलं. प्रत्येकावर 'कु. कुसुम'. वयाच्या सत्तरीत घेतलेल्या डब्यावरही 'कु.'च.

"नावं आहेत, चालतील ना?" मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "न चालायला काय झालं ताई? वितळल्यावर नाव ऱ्हातंय व्हय?"

आमच्या दारावरची पाटी बाबांची. रेशनकार्ड, गॅस, लाईटबिल बाबांच्या नावावर. आईच्या भांड्यांवरसुद्धा बाबांचंच नाव. चाळीस वर्षं त्या घरात राहून आत्याचं नाव होतं ते फक्त या भांड्यांवर. आणि ती मीच घालवली.

एक तांब्या तेवढा परत मागून आणला.

दुपारी माझ्या लेकीनं त्यातून पाणी ओतून घेतलं, नाव वाचलं आणि विचारलं, "मम्मी, कुसुम कोण गं?"

आत्याआजीच्या मांडीवर वाढलेली पोर ती.

तुमच्याही घरात पोरांना एकदा आजीचं नाव विचारून बघा.